गोंदलेला फळा

मी एक पांढरा फळा. पांढरा हे आता केवळ सांगण्यापुरतं. वय झालं तसा माझा रंग दुधावरून ताकावर आला आहे आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात एक मोठं गोंदण आहे. खानदेशातल्या बायकांच्या हातावर तुळस, विंचू, नाहीतर नवऱ्याचं नाव गोंदलेलं असतं. माझ्या वाट्याला इंग्रजी क्रियापदं आली. ती कशी आली आणि त्यानंतर माझ्यासमोर काय घडलं, ते सांगायला आज तोंड उघडलं आहे. आजवर सगळे माझ्यावर लिहीत आले, मला काही सांगायचं आहे का हे कोणी विचारलं नाही. तेव्हा मध्येच डस्टर घेऊन उठू नका, एवढं आधी सांगून ठेवतो.

माझा जन्म सिल्वासाजवळच्या सायलीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पुढे चकचकीत लेप दिलेला पत्रा, मागे प्लायवूड, चारी बाजूंना अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. माझी भावंडं शाळांत गेली, बँकांत गेली. एक जण सिल्वासातल्या एका हॉटेलाबाहेर आजची थाळी सांगत उभा राहिला. त्याचा मला हेवा वाटे. त्याच्यावर लिहिलेलं खरं असायचं, आणि खोटं झालं की लगेच पुसलं जायचं.

मला राखोलीतल्या एका सुताच्या कारखान्याने नेलं. तिथे पॉलिएस्टरचं सूत तापवून, पीळ देऊन फुगवतात. खोलीभर लांब मशीन, मशीनच्या अंगावर गरम हीटरच्या पेट्या, आणि शेवटी सूत गुंडाळलेल्या पांढऱ्याशुभ्र बॉबिनी. मला हॉलच्या दाराशी टांगलं आणि माझ्यावर काळ्या पट्ट्या चिकटवून चौकटी आखल्या. टार्गेट, प्रॉडक्शन, वेस्ट आणि रिमार्क. पहिल्या तीन चौकटींत आकडे असत, त्यांना कोणी भीत नसे. भीती होती ती शेवटच्या चौकटीची. तिथे इंग्रजीत लिहावं लागे, कारण मॅनेजरसाहेब रोज सकाळी माझा फोटो काढून हेड ऑफिसला पाठवत. हेड ऑफिसला इंग्रजीशिवाय काही वाचता येत नाही, असा सगळ्यांचा समज होता.

कारभारी हे हॉलचे सुपरवायझर. साक्री तालुक्यातून आलेले, जाड मिशीचे, ओरडायची गरज न पडणारे गृहस्थ. इंग्रजी नामांशी त्यांचं चांगलं जमे. बेल्ट, मोटर, फॅन, वॉटर हे सगळे घरचेच होते. अडत असे ते क्रियापदांपाशी. पट्टा तुटला, मोटर जळली, पाणी गळलं, हे घडून गेलेलं सांगायचं तर इंग्रजी क्रियापद कपडे बदलून येतं, आणि कुठलं कोणते कपडे घालील याचा नेम नाही. ब्रेकचं ब्रोक होतं, तर मेकचं मोक का होत नाही, याचं उत्तर राखोलीत कोणाकडे नव्हतं. तेव्हा कारभारींनी एक शोध लावला. क्रियापद वापरायचंच नाही.

बेल्ट प्रॉब्लेम. मोटर प्रॉब्लेम. वॉटर प्रॉब्लेम.

या शोधाने सगळा हॉल सुखी झाला. एकदा पावसाळ्यात एक कुत्री हॉलच्या कोपऱ्यात येऊन व्याली, तेव्हा माझ्यावर 'डॉग प्रॉब्लेम' असं लिहिलं गेलं. डॉग हा मशीनचा कुठला भाग, आणि तो भारतात मिळतो का, अशी हेड ऑफिसकडून विचारणा झाली.

कावेरी तेव्हा नवीन ऑपरेटर होती. शिरपूरकडची, कामाला चपळ, बोलायला कमी. एकदा कारभारी सुट्टीच्या घाईत होते म्हणून मार्कर तिच्या हातात आला.

"काका, पट्टा तुटला ते कसं लिहू?"

"बेल्ट प्रॉब्लेम."

"आणि लखनने जोरात ओढला म्हणून तुटला, ते?"

"ते नही लिहायचं व पोरी," कारभारी शांतपणे म्हणाले. "ते लिहिलं तर लखनचा प्रॉब्लेम होतो."

मग तिने 'बेल्ट प्रॉब्लेम' लिहिलं. अक्षर सुंदर होतं.

पुढे हॉलमध्ये मोठा टीव्ही आला. आकडे आपोआप त्यावर पळू लागले आणि मला उतरवून शौचालयामागच्या भंगारात उभं केलं. तिथे माझ्यावर ऊन पडलं, पाल चालली, कोणीतरी तारेने घासून स्वतःचं नाव कोरलं. माझ्या अंगावरचा लेप जागोजाग खरवडला गेला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

भंगारातून मला नीलेशने सोडवलं. हा त्याच कारखान्याच्या पॅकिंगमधला. खोक्यांवर नंबर घालायचा आणि दिवसभर बोलायचा. तो सामरवरणीत ज्या इमारतीत राहत होता, तिच्या तळमजल्यावर मालतीबाईंचा इंग्रजीचा क्लास होता, आणि बाई भिंतीवर खडूने लिहून घरमालकाची बोलणी खात होत्या. नीलेशने साहेबांना विचारलं, टेम्पो मिळवला, आणि मी शिक्षण क्षेत्रात आलो.

मालतीबाई मूळच्या राजापूरच्या. सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायला सिल्वासाला आल्या, निवृत्त झाल्या, आणि परत जायचं राहूनच गेलं. आवाज बारीक, चष्मा जाड, आणि जीभ कोकणातली. पहिली शिफ्ट सुटली की कारखान्यातले लोक अंगाला सुताचे तंतू चिकटलेले असतानाच येऊन बसत. त्यांतच एक दिवस कावेरी आली. मला पाहून थबकली.

"हा आमचा फळा," ती म्हणाली.

"आता माझा," बाई म्हणाल्या. "बस."

कावेरी का आली होती, ते सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. तिची मुलगी गुड्डी शिरपूरला आजीकडे होती. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. कावेरीची शिफ्ट दर आठवड्याला फिरे, कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. अशा घरात पहिलीतली पोर ठेवणार कशी? कारखान्यात सुपरवायझरची एक नवी जागा निघणार होती, जनरल शिफ्टची. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. ती मिळाली तर गुड्डीला आणता येणार होतं. अट एकच, इंग्रजीत लिहिता आलं पाहिजे.

"गुड्डी व्हिडिओवर रडते का गं?" बाईंनी एकदा विचारलं.

"नाही बाई. आता रडत बी नाही," कावेरी म्हणाली. "मोबाइल आजीकडे देते आन खेळायला जाते."

त्या दिवसापासून क्लास अर्धा तास उशिरा सुटू लागला.

सगळ्यात मोठा घोळ जोडीच्या क्रियापदांचा होता. एक दिवस बाईंनी विचारलं, "पडणं आणि पाडणं, यात तुम्ही कधी चुकता का?"

"नाही बाई," नीलेश म्हणाला. "पडतो तो आपण. पाडतो तो सुपरवायझर."

"बरोबर. इंग्रजांचंही तेवढंच आहे. लाय म्हणजे स्वतः पडून राहणं. ले म्हणजे दुसरं काहीतरी नेऊन ठेवणं. राइझ म्हणजे आपण वर जाणं, रेझ म्हणजे दुसऱ्याला वर नेणं."

"मग घोळ कुठे आहे?" कावेरीने विचारलं.

"घोळ असा, की पडून राहण्याचा भूतकाळ आणि ठेवण्याचा वर्तमानकाळ, दोन्हीला एकच शब्द. ले."

"म्हणजे काल जो पडून होता तोच आज ठेवतोय?"

"साधारण तसंच."

"आमच्या पॅकिंगसारखं," नीलेश म्हणाला. "काल पडून राहिलेला माल आज ठेवला म्हणून दाखवतात."

एका ओचं लूझ म्हणजे हरवणं आणि दोन ओंचं लूस म्हणजे सैल, हेही त्याच आठवड्यात झालं. कोणाच्या लक्षात राहीना. नीलेशनेच तोडगा काढला. "स्क्रू आधी दोन ओंचा होतो, मग एका ओचा होतो," तो म्हणाला. बाई हसल्या नाहीत, पण तेवढ्यासाठी वर्गाकडे पाठ करून माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा फक्त मला दिसत होता.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कप फुटतात, की कोणी फोडतं?"

"फुटतात," सगळे म्हणाले.

"माझ्याही घरी. आख्ख्या जन्मात मी एक कप फोडलेला नाही. सगळे आपले आपण फुटले. दूध उतू जातं, डबा सांडतो, किल्ली हरवते. आपण तिथे नसतोच. मराठीत निभतं ते. इंग्रजीत एक क्रियापद नीट लावा, लगेच विचारतं, केलं कोणी? तुम्हाला वाटतं तुम्ही इंग्रजीला घाबरता. तुम्ही या प्रश्नाला घाबरता."

मला माझी रिमार्कची चौकट आठवली.

आता गोंदणाकडे येतो. बाईंचे मार्कर सुकले होते. नीलेशने मोठ्या प्रेमाने कारखान्यातून एक नवा, जाडसर मार्कर आणला. "बाई, असला मार्कर बाजारात नाही," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. बाईंनी त्या मार्करने माझ्या उजव्या कोपऱ्यात हमखास चुकणारी क्रियापदं तिन्ही रूपांत मांडली. लाय, ले, लेन. ले, लेड, लेड. राइझ आणि रेझ, फॉल आणि फेल, खाली लूझ आणि लूस ही दोन्ही. सुरेख तक्ता झाला. मग त्यांनी डस्टर फिरवलं. तक्ता हलला नाही.

"नीलेश," बाई म्हणाल्या, "याने तुम्ही काय लिहिता?"

"खोक्यांवर नंबर, बाई. बोटीवर पाणी लागलं तरी जात नाही."

स्पिरिट झालं, रॉकेल झालं, नखांचा रंग काढायचं औषध झालं. नीलेशने मोबाइलवर पाहून सांगितलं की त्यावरच साध्या मार्करने गिरवून पुसलं की निघतं. चांगल्या फळ्यांचं निघतही असेल. माझा लेप भंगारात खरवडला गेला होता, शाई आत उतरली होती. शेवटी कावेरीने स्वतःची बाही वर केली. मनगटापाशी हिरवट तुळस होती. "राहू द्या बाई," ती म्हणाली. "माझं बी निघत नाही. सवय होते."

तेव्हापासून बाकीचं सगळं त्या तक्त्याला वळसा घालून लिहिलं जाऊ लागलं. आणि गंमत पहा, जे शिकवून डोक्यात शिरत नव्हतं ते रोज नजरेसमोर राहून शिरलं. वर्गात चहा घेऊन येणारी कुसुमसुद्धा कप ठेवताना "लेड" म्हणू लागली.

त्या जागेसाठीची परीक्षा जवळ आली तशी कावेरी एक दिवस लवकर आली. बाई आत होत्या. तिचा चेहरा उतरलेला होता. मागोमाग नीलेश आला.

"ताई, तो सुरतेचा मेकॅनिक अजून हीटर उघडतोय," तो म्हणाला. "कालपासून गळती शोधतोय बिचारा."

झालं होतं असं. पांढऱ्या सुताची खोकी गिऱ्हाइकाकडून परत आली होती. बॉबिनींवर पिवळट तांबडे डाग. टीव्हीच्या खाली एक कागद चिकटवायची पद्धत होती, त्यावर कारभारींनी नेहमीप्रमाणे लिहिलं, 'ऑइल प्रॉब्लेम'. साहेबांनी ते हेड ऑफिसला कळवलं, हेड ऑफिसने मेकॅनिक पाठवला, आणि मेकॅनिकने तेल कुठून गळतं ते शोधत एकेक पेटी खोलायला घेतली.

"गळती सापडणार नाही," कावेरी म्हणाली. "ते माझ्या शेवभाजीचं तेल आहे."

हे ऐकून वाचकांना धक्का बसेल, मला बसला नाही. मी त्या हॉलमध्ये होतो. हीटरच्या पेट्यांचं झाकण छान तापतं, आणि जेवणाआधी त्यावर सगळ्यांचे डबे ओळीने बसलेले असतात. साहेब आले की डबे उतरतात, गेले की चढतात. एवढं शिस्तीचं दुसरं काम त्या कारखान्यात नाही.

"माझा डबा कलंडला," ती सांगत होती. "मी झाकण पुसून घेतलं. खाली बॉबिनींची ट्रॉली होती ते पाहिलंच नाही. आता तो मेकॅनिक मशीन सोलतोय."

"सोलू दे," नीलेश म्हणाला. "तो सोलायलाच आलाय. तू परीक्षा होईपर्यंत गप्प बस. गुड्डीला आणायचंय ना? आणि तू बोललीस तर सगळ्यांचे डबे जातील. वर माझी खिचडी."

"तेच तर," कावेरी म्हणाली.

त्यांच्या मागे दारात मालतीबाई उभ्या होत्या. किती वेळ, ते मला ठाऊक नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि नेहमीसारखा क्लास घेतला.

परीक्षेच्या दिवशी एक नवीच अडचण निघाली. सगळीकडे टीव्ही लावल्यामुळे कारखान्यात लिहायला फळाच उरला नव्हता. साहेबांनी नीलेशला पिटाळलं, आणि दुपारी टेम्पोत बसून मी पुन्हा राखोलीला निघालो. पुलावरून दमणगंगा दिसली. ज्या दारातून भंगार म्हणून निघालो त्याच दारातून मला दोघांनी धरून, सांभाळून आत नेलं. मान कसा वाढतो याचा हिशेब मी लावू शकलो नाही.

साहेबांनी मला नीट पाहिलं आणि त्यांची भुवई वर गेली. "ये तो कॉपी है," ते कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले. "पुसा हे."

"निघत नाही साहेब," नीलेश म्हणाला. "आपल्याच पॅकिंगचा मार्कर आहे. क्वालिटी."

शेवटी माझ्या गोंदणावर एक गुजराती वर्तमानपत्र लावून खोक्यांच्या टेपने चिकटवलं. परीक्षेला साहेब आणि कारभारी असे दोघे बसले. उमेदवारांना एकेक करून आत बोलवायचं, त्यांनी पाच ओळी इंग्रजीत लिहायच्या. विषय साहेबांनी स्वतः काढला होता. 'या महिन्यात लाइनवर काय झालं.'

आधी वाल्मिक आला. डिप्लोमा झालेला, इस्त्रीचा शर्ट. त्याने सरसर लिहिलं. ऑइल प्रॉब्लेम इन लाइन. मेंटेनन्स इन्फॉर्म्ड. टेक्निशियन फ्रॉम सुरत. वर्क इन प्रोग्रेस. प्रॉब्लेम अंडर कंट्रोल. साहेब खूश झाले. हेड ऑफिसला जसंच्या तसं पाठवता येईल असं होतं ते. आणखी दोघे येऊन गेले, त्यांचाही प्रॉब्लेम ऑइलचाच होता. ज्या तक्त्याला कॉपी म्हणून झाकलं होतं, त्याची कोणाला गरजच पडली नाही.

मग कावेरी आली. तिने विषय वाचला आणि मार्कर हातात घेऊन उभी राहिली. मागे कारभारी किंचित खाकरले. ती वळली तेव्हा त्यांनी मान नकारार्थी हलवली, अगदी हळू, घरच्या माणसाला हलवावी तशी. तिने एकदा वर्तमानपत्राने झाकलेल्या माझ्या कोपऱ्याकडे पाहिलं. मला बोलता आलं असतं तरी माझ्या तोंडाला टेप होती. मग तिने लिहायला सुरुवात केली, त्याच सुंदर अक्षरात.

आय लेड माय टिफिन ऑन द हीटर.

इट फेल.

द बॉबिन्स ले बिलो.

द ऑइल वॉज माय शेवभाजी.

आय वाइप्ड द हीटर, आय डिड नॉट लुक बिलो.

हेच मी मराठीत सांगू का? मी डबा हीटरवर ठेवला. तो पडला. खाली बॉबिनी होत्या. तेल माझ्या शेवभाजीचं होतं. मी हीटर पुसला, खाली पाहिलं नाही. कारखान्यातल्या माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्यावर 'मी' हा शब्द पहिल्यांदा लिहिला गेला.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. बाहेर मेकॅनिकचा पाना लोखंडावर आपटल्याचा आवाज आला.

"टिफिन?" साहेब म्हणाले. "हीटर पे?"

"हो साहेब."

"कावेरीबेन, और कौन कौन रखता है?"

कावेरीने मार्करचं टोपण लावलं. "साहेब, पाचच ओळी सांगितल्या होत्या," ती म्हणाली.

साहेबांनी बोटाने ओळी मोजल्या. पाच होत्या. कारभारी उठून पाणी प्यायला बाहेर गेले.

जागा वाल्मिकला मिळाली. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण आश्चर्य वाटत नाही. हेड ऑफिसला पाठवायला त्याच्याच ओळी चांगल्या होत्या. हीटरवर डबे ठेवायला बंदी आली. मला क्लासला परत न्यायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही, म्हणून मला कॅन्टीनच्या भिंतीला टेकवून ठेवलं, आणि तिथून मी पुढचं पाहिलं. लोक गार डबे खात होते आणि कावेरी एकटी बसत होती. लखन तिच्या टेबलापाशी येऊन, पाहून, दुसरीकडे जाई. नीलेश तेवढा बसे.

"ताई, माझ्या खिचडीची वीट झाली," तो म्हणे. "पण तुझ्या क्रियापदांत चूक नव्हती हां. मी तपासलं."

"गुड्डीचा फोन आलता," ती एकदा म्हणाली. "विचारत होती, पास झाली का. मी म्हटलं, लिहिलं बरोबर." मग तिने डबा बंद केला. निम्मा तसाच होता.

बदल झाला तो तत्त्वामुळे नाही, जेवणामुळे. एक दिवस साहेब स्वतःचा डबा हातात घेऊन कॅन्टीनमध्ये आले.

"कारभारी, माझा डबा रोज गरम असायचा. आता गार का?"

कारभारी उभे राहिले. खालमानेने म्हणाले, "साहेब, हीटरवर बंदी आहे ना."

इतकी वर्षं आपला डबा कुठे गरम होतो हे साहेबांना त्या क्षणी कळलं. ते कावेरीच्या समोर जाऊन बसले आणि गार डाळ खाऊ लागले.

"परत आलेल्या मालाचं टेबल रिकामं आहे," ते खाता खाता म्हणाले. "माल का परत आला ते लिहायचं. सुपरवायझर नाही, पण जनरल शिफ्ट आहे. जमेल?"

"जमेल साहेब. पण माले जसं झालं तसंच लिहिता येतं."

"तेच पाहिजे. प्रॉब्लेम लिखना तो मुझे भी आता है."

आठवड्याभरात कॅन्टीनमध्ये डबे गरम करायचं विजेचं कपाट आलं. महिना संपायच्या आत गुड्डी आली. मी तिला पाहिलेलं नाही, पण तिच्याबद्दल रोज ऐकतो. "काल डबा सांडला म्हणे," कावेरी सांगत होती. "मी विचारलं, सांडला का सांडवला? तर म्हणते, आई, डब्याला विचार."

मालतीबाई मला न्यायला आल्या होत्या. साहेबांनी त्यांना नवाकोरा फळा देऊ केला. त्यांनी माझ्या कोपऱ्यावरचं वर्तमानपत्र स्वतःच्या हाताने सोडवलं, टेपचा चिकटा नखाने काढला, आणि मला म्हणाल्या, "तू इथेच बरा. इथे वर्ग मोठा आहे." मग साहेबांकडे वळल्या. "नव्या फळ्याचे मार्कर मी स्वतः आणीन. तुमचे नकोत."

मला कपाटाशेजारी टांगलं. डबा गरम होईपर्यंत करायला काही नसतं, म्हणून लोक माझं गोंदण वाचतात. पण सवय सोडत नाही माणसाला. मागच्या सोमवारी कपाट बंद पडलं, आणि माझ्यावर जाड अक्षरात उमटलं, 'टिफिन प्रॉब्लेम'. कोणाचं अक्षर, ते मला ओळखायला वेळ लागला नाही.

जेवायला आलेली कावेरी ते वाचून थांबली. तिने खाली साध्या मार्करने मराठीत लिहिलं, 'कोणी काय केलं?' आणि गार डबा घेऊन बसली.

दिवसभर कोणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन्टीन उघडताच कारभारी एकटे आले. खिशातून मार्कर काढला. माझ्या कोपऱ्यातला तक्ता बोट फिरवत वाचला, वरून खाली, पुन्हा वरून. त्यांना हवं होतं ते क्रियापद त्यात नव्हतं. मी काय करणार, जागा कमी पडली होती. मग मिशी चावत त्यांनी आठवून आठवून लिहिलं, 'आय ब्रोक इट. कारभारी.' बटण जोरात फिरवून त्यांनीच तोडलं होतं, त्यांना भाकर लवकर गरम हवी होती.

दुपारी वाल्मिक ओला फडका घेऊन आला. ऑडिट होतं. 'टिफिन प्रॉब्लेम' निघालं, कावेरीची ओळ निघाली, खालची निघेना. त्याने जोर लावला.

"राहू दे रे," मागून कारभारी म्हणाले. ते गार भाकर मोडत होते. "पॅकिंगचा मार्कर आहे."

तर आता माझ्या अंगावर दोन गोंदणं आहेत. घासून घासून ती फिकी होत नाहीत, मीच होतो. माझे दिवस भरत आले आहेत, हे मला कळतं. भंगारवाला हल्ली येता जाता माझ्या पट्टीकडे बघतो. जाण्याआधी एक मागणं आहे. माझ्यावर हवं ते लिहा. चुकीचं लिहा, आमटी सांडल्यासारखं वाकडं लिहा, प्रॉब्लेमसुद्धा लिहा. फक्त त्याच्या खाली एक ओळ रिकामी सोडा. कोणीतरी उद्या सकाळी लवकर येईल.